पावलं मोजायची डबी

त्या डबीची आठवण आली की माझं डोकं अजून तापतं. आधी राग येतो डबीचा, मग आमच्या साहेबांचा, मग त्या म्हातारीचा आणि सगळ्यात शेवटी माझा. या रांगेत माझा नंबर शेवटचा असला तरी तो लागतो, चुकत नाही.

नव्वदीतली गोष्ट. मी साताऱ्याची, लग्न करून सांगलीला आले. गृहविज्ञानाची पदवी होती आणि तोवर तिचा उपयोग 'आमची सून शिकलेली आहे' असं चारचौघांत सांगण्यापुरता झाला होता. मुलगी दोन वर्षांची झाली, तशी विश्रामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत चाललेल्या एका संशोधन प्रकल्पात मला नोकरी लागली. पदाचं नाव 'क्षेत्र अन्वेषक'. हे नाव घरी कुणाला धड उच्चारता यायचं नाही. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "गरोदर बायकांची कसलीतरी मोजदाद करते." इतक्या थोडक्यात आणि इतकं नेमकं आमच्या साहेबांनाही कधी सांगता आलं नाही.

बाई गरोदरपणी किती हालचाल करते ते मोजायचं आणि बाळाच्या वजनाशी त्याचा काय संबंध लागतो ते बघायचं, असं ते संशोधन. जत तालुक्यातल्या कुठल्याही बाईला ओट्यावर बसून विचारलं असतं तर तिनं चहा उकळेपर्यंत सगळं सांगितलं असतं. पण बाईला विचारून कळलं तर ते संशोधन कसलं? त्यासाठी परदेशातून मंजुरी लागते, जीप लागते आणि साहेब लागतात.

साहेब डॉक्टर होते, पण पेशंट बघणारे नव्हेत, आकडे बघणारे. बाहेर शिकून आलेले. बोलताना एका वाक्यात मराठीचे दोनच शब्द, 'म्हणजे' आणि 'बरोबर ना'. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण यांच्याकडे उंटही नव्हता, टेबल होतं. त्या टेबलावर जत तालुक्याचा नकाशा काचेखाली पसरलेला असायचा आणि त्यावर चहाचा कप. गावांची नावं त्यांना कपाच्या डागावरून माहीत होती.

पहिल्या वर्षी आम्ही एक फॉर्म भरत होतो. अठरा पानांचा. तो कुठल्यातरी थंड देशातल्या बायकांसाठी केलेला, आणि कुणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन त्याचं मराठी केलेलं. 'गेल्या आठवड्यात आपण पोहण्याचा व्यायाम किती वेळ केलात?' समोरची बाई टँकरची वाट बघत रिकाम्या घागरींच्या रांगेत उभी. मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की आधी हिलाच दवाखान्यात न्यावं. 'आपण कुत्र्याला फिरायला नेता का?' 'आपण गवत कापण्याचं यंत्र वापरता का?' 'आपण दिवसातून जिने किती वेळा चढता?' अख्ख्या गावात जिना म्हणजे मारुतीच्या देवळाच्या तीन पायऱ्या. त्या जिन्याच्या प्रश्नावर मी ऑफिसात किती दात काढले असतील, त्याला हिशेब नाही. सगळा फॉर्म एकीकडे आणि हा अडाणी प्रश्न एकीकडे, असं मी सगळ्यांना सांगायचे.

बरं, कामाचा म्हणून जो एक प्रश्न होता, त्याचं उत्तरही भलतंच यायचं. "काम करता का?" असं विचारलं की शंभरातली एक सोडून सगळ्या म्हणायच्या, "न्हाई, घरीच असते." हे म्हणणारी बाई पहाटेपासून दळण, पाणी, शेण, भाकऱ्या, रानात भांगलण आणि परत येताना डोक्यावर वैरणीचा भारा, एवढं सगळं उरकून बसलेली. पण काम म्हणजे पुरुष कुपवाडच्या कारखान्यात जाऊन करतात ते, अशी तिची समजूत. मी साहेबांना म्हटलं, प्रश्न बदलू या. साहेब म्हणाले, "प्रश्न प्रमाणित आहे. उत्तर येईल तसं लिहा." मग मी लिहीत गेले. काम करत नाही, काम करत नाही, काम करत नाही. माझ्या वहीवर विश्वास ठेवला असता तर जत तालुक्याच्या बायका दिवसभर लोळत होत्या.

दुसऱ्या वर्षी डब्या आल्या. काड्यापेटीएवढं यंत्र, कमरेला अडकवायचं, बाई चालली की आत काहीतरी टिकटिकायचं आणि पावलांचा आकडा पुढे सरकायचा. साहेबांना वाटलं, चला, बायकांच्या तोंडावर विसंबायची कटकट गेली. डबीला मागे चाप होता, पँटच्या पट्ट्यात अडकवायला. आता लुगड्याला पट्टा कुठून आणायचा, हा विचार मागवणाऱ्यानं केला नव्हता. शेवटी मीच बाजारातून जाड पांढरी नाडी आणली, तिचे तुकडे केले आणि डब्या त्यात ओवल्या. साहेबांनी त्याला 'स्थानिक सुधारणा' असं नाव दिलं आणि परदेशात कळवलं. स्वतःच्या नावानं.

डबी बांधताना काय बोलायचं तेही छापून दिलं होतं आणि ते शब्दशः म्हणायचं होतं. 'ही परदेशी वस्तू आहे. फार नाजूक आहे. सात दिवस कमरेला ठेवायची. ही तुमच्या बाळाच्या भल्यासाठी आहे.' मी ते पाठ केलं आणि घरोघर म्हणत सुटले. पुढचं सगळं त्या शेवटच्या वाक्यानं केलं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं.

जतच्या पुढे, कर्नाटकाच्या बाजूला एक गाव. एसटी दिवसातून दोनदा. तिथल्या एका घरात तेव्हा दोन गरोदर बाया होत्या. एक घरची लेक, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आणलेली. दुसरी घरची सून, तिला सहावा लागत होता. आमच्या यादीत नाव फक्त सुनेचं. लेकीची नोंद तिच्या सासरच्या गावी, म्हणजे आमच्या दृष्टीनं ती गरोदरच नव्हती.

सून वीस-एकवीस वर्षांची, काटकुळी. नवरा कुपवाडला लेथवर, शनिवारी मोपेडवर यायचा आणि सोमवारी जायचा. घरात म्हातारी सासू, थोडी मेंढरं, एक म्हैस, कोरडवाहू ज्वारी आणि टँकरचं पाणी. सुनेचं हे दुसरं होतं. पहिलं माहेरी झालं होतं. झालं म्हणजे काय, सातव्या महिन्यात तिला माहेरी पोचवली, पोचवायच्या आदल्या दिवसापर्यंत ती पाणी वाहत होती, आणि तिथं आठवड्याच्या आत मेलेलं मूल झालं. पण रीत म्हणजे रीत. पहिलं बाळंतपण माहेरी, बाकीची सासरी. मूल जगलं नाही म्हणून माहेरची पाळी परत येत नाही. म्हातारीनं मला हे अगदी पंचायतीचा ठराव वाचून दाखवावा तसं सांगितलं.

उपकेंद्रातल्या नर्सनं सुनेला बजावलं होतं की या खेपेला जड उचलायचं नाही, दुपारी आडवं व्हायचं. म्हातारी म्हणाली, "नर्सबाईला काय, ती समद्यांस्नी त्येच सांगती. आमी न्हाई का पाच काढली? खुरपं हातात घिऊन काढली." म्हातारी स्वतः बसून खाणारी नव्हती, हे मान्य. पण आपण भोगलं ते दुसऱ्याच्या पदरात बांधल्याशिवाय काही लोकांना सुखानं घास गिळत नाही, तशातली ती.

मी गोठ्याच्या आडोशाला नेऊन सुनेच्या कमरेला डबी बांधली आणि माझी पोपटपंची केली. तिनं नीट ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "ताई, यात माजी पावलं मोजत्यात न्हवं?"

"हो."

"पाण्याची खेप बी मोजती?"

"चाललीस की सगळं मोजते."

"मग आकडा बगून मोठं डॉक्टर आत्याला सांगतील का, हिला बसू द्या म्हणून? नर्सबाईचं न्हाई ऐकत आत्या. मोठ्या डॉक्टरचं ऐकतील." आत्या म्हणजे सासू. "माज्या तोंडानं म्या सांगितलं तर कामचुकार ठरते. यंत्रानं सांगितलं तर कोण काय म्हणंल?"

मला ते इतकं पटलं की मी म्हटलं, "सांगतील. मी बघते." अठरा पानं भरून जे कळलं नव्हतं ते या पोरीला डबी बघून एका मिनिटात कळलं होतं. तिला साक्षीदार पाहिजे होता. त्या दिवशी एसटीत परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या नोकरीला काही अर्थ आहे. असल्या भ्रमात माणूस एकदा तरी पडतंच.

सात दिवसांनी गेले. सून घरात नव्हती, पाण्याला गेली होती. म्हातारीनं आतून फडक्यात गुंडाळलेली डबी आणून दिली. "घ्या बाई. जपून ठिवली. कुटं ठेच लागू दिली न्हाई." डबीवर हळदीकुंकवाचं बोट होतं. डबीच्या आकडे दिसायच्या खिडकीवर चिकटवलेली पट्टी काढून मी आकडा बघितला आणि दोनदा डोळे चोळले. सात दिवसांचा मिळून आकडा इतका किरकोळ की आमच्या साहेबांच्या सासूबाई, ज्या गुडघ्यांमुळे खुर्चीतून उठत नसत, त्यांच्याशी जेमतेम बरोबरी व्हावी.

आणखी एक होतं. नाडीची गाठ. मी बांधली तेव्हा गाठीच्या पुढे वीतभर शेपूट लोंबत होतं, इतकी ती बारीक. आता गाठ अगदी टोकाशी आली होती. सात दिवसांत सुनेची कंबर वीतभर वाढली म्हणायची की काय? माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यालाही कळत होतं, पण परतीची एसटी सुटत होती. आकडा लिहिला, सही केली, निघाले. शिकलेल्या माणसाला आकडा हातात आला की डोळ्यांची गरज उरत नाही.

पंधरवड्यानं साहेब स्वतः गावात आले. वर्षातून एकदा त्यांना 'लाभार्थींशी संवाद' करावा लागे. जीप थेट त्या घरापर्यंत गेली. म्हातारीनं घोंगडं अंथरलं, नवी कपबशी काढली. लेक उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, गोरीगोमटी, तुकतुकीत, हातात मूठभर शेंगा. सून शेणाचे हात धुऊन पदर सावरत येऊन उभी राहिली. साहेबांनी फाईल उघडली, सुनेचा आकडा बघितला, आणि मग जे अकलेचे तारे तोडले ते मी मरेपर्यंत विसरायची नाही.

"तुम्ही फार कमी चालता," साहेब सुनेला म्हणाले. "हे बाळासाठी बरं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास मोकळ्या हवेत चालत जा. बरोबर ना?"

त्या पोरीनं साहेबांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. आणि म्हातारीचा चेहरा असा फुलला की जणू जत्रेत मानाचा नारळ मिळाला. "ऐक," ती सुनेला म्हणाली, "मोटं डॉक्टर काय म्हणत्यात ते ऐक. आन मी म्हणतीया तवा तुला वाईट वाटतंय."

साहेब चहा पिऊन पुढच्या घरी गेले. मी मागे राहिले, सुनेला गोठ्यात गाठलं. विचारायच्या आधीच ती बोलली, अगदी शांतपणे. "ती डबी माज्याजवळ एक सांज व्हती, ताई. तुमची यष्टी गेली आन आत्यानं सोडून घितली. वन्सांस्नी बांदली."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुमीच म्हणला व्हता की, बाळाच्या भल्यासाठी हाय म्हणून. तसली चीज घरात आल्यावर ती लेकीला सोडून मला कोण बांदल?"

उंबऱ्यातल्या लेकीनंही काही लपवलं नाही. तिच्या मनात पापच नव्हतं. "व्हय, मलाच बांदली व्हती. पोटाला बळ येतंय म्हणाली आई. लय हलकी हाय वो, कायबी तरास न्हाई झाला. अजून एकदा मिळंल का?"

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेक काही बोललीही नाही, नुसती बसून शेंगा खात होती, आणि ते सुनेला लागलं. लेक बसली ती सुनेच्या नावावर मांडली गेली, आणि सून जी मरमर चालली ती कुणाच्याच नावावर नाही. म्हातारीला मी फैलावर घ्यायला गेले, तर ती माझ्याकडेच कीव केल्यासारखी बघायला लागली. "बाई, तुमास्नी लेकरं हायती न्हवं? मग? आपल्या लेकीला आदी देणार का न्हाई?" माझं पहिलं बाळंतपण साताऱ्याला माहेरी झालं होतं आणि आईनं मला दीड महिना पलंगावरून खाली उतरू दिलं नव्हतं. पण मी कुणाची डबी पळवली नव्हती, असं मनात म्हणत मी ताठ मानेनं तिथून निघाले.

जीपमध्ये साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही स्वतः पाहिलंत का, दुसरीच्या कमरेला बांधलेलं?"

"पाहिलं नाही, पण तिघी सांगतायत."

"मग ऐकीव झालं. ऐकीव गोष्टींवर नोंदी बदलत नसतात."

पुन्हा मोजू या म्हटलं, तर म्हणाले, एका बाईचं दोनदा मोजायची तरतूद नाही. मग मी कपाटातून एक डबी न विचारता उचलली. आयुष्यात तेवढी एकच चोरी केली. ती सुनेच्या परकराच्या नाडीला आतून बांधली, वरून लुगडं. सासूला काय, चुलीलाही कळलं नसतं. यावेळी मी काही पाठ म्हटलं नाही. नुसतं म्हटलं, "कुणाला दाखवू नको." ती म्हणाली, "ह्या खेपंला सांगंल न्हवं ते?"

सात दिवसांनी आकडा आला तो पहिल्या आकड्याच्या पंधरा पटींहून जास्त. मी तो कागदावर ठळक लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला, नकाशाच्या त्याच कोपऱ्यावर, जिथं तिचं गाव होतं. साहेबांनी चष्मा वर केला.

"हे शक्य नाही. सहा महिन्यांची गरोदर बाई एवढं चालूच शकत नाही."

"चालते. रोज चालते."

"शेळीच्या गळ्यात बांधलं असेल. खेड्यातले लोक आहेत." आणि त्यांनी लाल पेननं आडवी रेघ मारली. त्या डबीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं, 'नादुरुस्त'. जुना आकडा होता तसा राहिला. खोटा आकडा साहेबांच्या अपेक्षेत बसत होता म्हणून खरा ठरला आणि खरा आकडा बसत नव्हता म्हणून यंत्र बिघडलं. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. अंगण नीट असताना नाचणारीलाच वाकडी ठरवायची, हे मी तिथं शिकले.

मी काय करू शकले असते? पुष्कळ करू शकले असते. ऑफिसचा छापील कागद माझ्या टेबलाच्या खणात होता, शिक्का शेजारी होता. 'या बाईस सक्त विश्रांती द्यावी' एवढी एक ओळ लिहून शिक्का मारला असता, तर म्हातारीनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला असता आणि सुनेला बसवलं असतं. शिक्क्यापुढे ती माणसं वाद घालत नाहीत. अगदी तोंडानं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते सुचलं नाही असंही नाही. एसटीत बसल्या बसल्या तो कागद मी मनात दहा वेळा लिहिला. पण नोकरी जाईल म्हणून घाबरले. एक डबी उचलायची हिंमत झाली, एक ओळ लिहायची झाली नाही. साहेबांना नावं ठेवते, पण ते निदान मूर्ख होते. मी मूर्ख नव्हते.

त्या पोरीला सांगायला गेले तेव्हा ती चुलीपुढे होती. मी म्हटलं, "यंत्र बिघडलं होतं म्हणतात."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं," म्हणाली. मग भाकरी टोपल्यात टाकत, "आता पुन्यांदा नका बांदू, ताई. नाडी काचती."

लेकीला वेळेवर मुलगा झाला, गुटगुटीत. बारशाला अख्खं गाव जेवलं आणि पाणी सुनेनं भरलं. सुनेला आठव्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दोन दिवसांच्या आत बाळाचं वजन घेणं आमच्या नियमात होतं, म्हणून मी झोळीचा काटा घेऊन गेले. काट्याचा बाण हलला की नाही हे बघायला मला खाली वाकावं लागलं. म्हातारी दारात, काट्याकडे पाठ करून बसली होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. सून म्हणाली, "लिवलं का?" मी म्हटलं, "लिहिलं." मुलगी नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी सून पाण्याच्या रांगेत होती, असं नर्सनं मला नंतर सांगितलं.

अहवाल इंग्रजीत छापून आला. जाड, गुळगुळीत कागदाचा. मागच्या पानांत आमच्या कामाचे आभार. त्यातल्या एका तक्त्यात 'अल्प हालचाल' अशा रकान्यात त्या मुलीचं वजन बसवलं होतं. अशा आणखी किती सुना कुठल्या रकान्यात बसल्या असतील, देवालाच ठाऊक. आणि निष्कर्ष काय, तर ग्रामीण भागात गरोदर स्त्रियांची हालचाल कमी पडते, त्यांना चालण्यास प्रवृत्त करावं. वाचून मी तो अहवाल भिंतीवर आपटला. महिनाअखेरीला नोकरी सोडली. सोडून काय दिवे लावले? काही नाही. मुलीला घेऊन चार दिवस साताऱ्याला माहेरी गेले.

तिथं रात्रीची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, हे सगळं सांगत होते. ती भांडी पुसून ठेवत होती. आई माडीवर झोपायला गेली होती. माझी मुलगी आणि वहिनीचा मुलगा मधल्या खोलीत एका पांघरुणात झोपले होते. तो माझ्या मुलीपेक्षा चार महिन्यांनी लहान आणि जन्मापासून किरकोळ, सारखा सर्दीपडशानं बेजार. मी त्या म्हातारीचे वाभाडे काढत होते. एका घरात दोघी पोटुशा, एकीला पलंग आणि दुसरीला घागर, या बायकांना काळीज असतं की नाही, वगैरे वगैरे. माझी जीभ सुटली की आवरत नाही.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. ती कधी उलटून बोलणारी नव्हे. तांब्या पालथा घालता घालता सहज बोलावं तसं म्हणाली, "वन्सं, तुमच्या बाळंतपणात माडीवर आंघोळीचं पाणी कोण आणत होतं?"

मी म्हटलं, "आई."

"आई तेल लावायच्या. पाणी मी आणायचे. दोन बादल्या तुम्हाला, एक बाळाला. मला पाचवा होता तेव्हा."

एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला टोचायचंही नव्हतं. नळ घट्ट बंद केला, दिवा मालवायला हात वर केला आणि माझी वाट बघत उभी राहिली. दीड महिना मी त्या पलंगावर होते. बाळाच्या तारखा मला पाठ होत्या, भाच्याच्याही पाठ होत्या, आणि ही साधी वजाबाकी मी इतक्या वर्षांत एकदाही केली नव्हती. मला आता ऐकू यायला लागलं, माझाच आवाज, वरून मारलेली हाक, "वहिनी, आजचं पाणी कोमट आहे गं, जरा गरम आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खाली असताना मी माडीवर गेले आणि मोजत मोजत उतरले. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत.